मानेमागचा पूल

भाऊ,

काल सकाळी वाचनालयाच्या फळ्यावर तुमचं नाव लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अक्षर बरं म्हणून असली कामं अजून माझ्याच गळ्यात पडतात. नव्या ग्रंथपाल मुलीनं हातात कागद दिला. त्यावर होतं, 'चिंचवाले भाऊ यांना श्रद्धांजली. शोकसभा सायंकाळी पाच वाजता.' मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले. मुलगी म्हणाली, "मॅडम, काही चुकलं का?" मी म्हटलं, "चुकलंय, पण तुझं नाही," आणि मुकाट्यानं कागदावर होतं ते फळ्यावर उतरवलं.

तुमचं खरं नाव तुळशीराम. शेजारच्या शहापूरच्या तुमच्या गल्लीबाहेर ते कोणाला ठाऊक होतं कोण जाणे. भंडाऱ्यात तुम्ही सतरा वर्षं चिंचवाले भाऊ म्हणूनच ओळखले गेलात. वाचनालयातला जुना, मोलाचा पुतळा ज्यानं भांड्यासारखा चिंचेनं घासून खराब केला, तो माणूस. पोरंसोरं हसून हाक मारायची आणि तुम्ही ओ द्यायचात. तो पुतळा तुम्ही घासला नव्हता, मी घासला होता. हे गावात दोनच माणसांना माहीत होतं. सोळा दिवसांपूर्वी त्यातला एक गेला, आणि मी तोंड उघडलं नाही तर ते नाव तसंच तुमच्या माथी राहणार होतं. काल दिवसभर माझ्या पोटात दुसरं काही नव्हतं, चहासुद्धा नाही.

आपली ओळखच त्या पुतळ्यानं करून दिली. तुम्ही वाचनालयात आलात ते पुस्तकासाठी नाही. कार्यक्रमासाठी आम्ही तुमच्या कारखान्यातून समई मागवली होती, ती घेऊन आलात. पेपरच्या टेबलामागे, उंच लाकडी चौरंगावर तो बसलेला असायचा, छातीपर्यंतचाच, कुरळ्या केसांचा, मान जराशी वळवलेला तरुण. आताच काहीतरी बोलून ओठ मिटल्यासारखा. कोणी त्याला सिकंदर म्हणे, कोणी साहेब. नागपूरच्या कुठल्याशा गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा कोंढ्याकडच्या एका मालगुजारानं तो घेतला, आणि घरची लेकरं त्याला पाहून रडतात म्हणून पुस्तकांच्या पेट्यांबरोबर वाचनालयाला देऊन टाकला, असं जुनी माणसं सांगत. पेपर वाचायला येणारे म्हातारे त्याच्या डोक्यावर खुशाल टोपी ठेवायचे. मीही कधी हटकलं नाही.

तुम्ही समई खाली ठेवलीत, चष्मा पुसलात आणि त्याच्या खांद्यावर टिचकी मारून कान लावलात.

"बाई, हा पितळेचा नाही. कासं हाये."

"बरं," मी म्हटलं. मला समईची पावती शोधायची होती.

"पन मुळात हा गोट्याचा हाये."

मला वाटलं, माणूस उन्हातून आलाय. "भाऊ, दगडाचा कसा? आत्ताच तर कासं म्हणालात!"

"अंग काशाचं हाये. रूप गोट्याचं हाये. इकडं या, मानेच्या मागं बोट घाला."

मी घातलं. मानेवर रुळणारी एक बट अंगापासून सुटी होती, आणि बट आणि मान यांच्या मधोमध पेन्सिलीएवढी एक आडवी काडी लागली माझ्या बोटाला. चौदा वर्षं मी त्या पुतळ्यावरची धूळ झटकत होते, पण तिथे काही असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"हा पूल पायजा," तुम्ही म्हणालात. "गोटा घडवनारा भेते. एवढीशी बट अधांतरी ठेवली तं मोडन ना ते! म्हणून तो मधात पूल सोडते. काशाले काय भेव? काशाची बट वाऱ्यावर उभी करा, काई होत नाही. मंग हा पूल कायले? अन् केसाईत हे गोल गोल भोकं पायजा. काशाचं रूप आधी मेनात करतेत, अन् मेनात काम करनारा बोटानं दाबते, गिरमिट फिरवत नाही. कोनीतरी आधी गोट्यात हा मानूस घडवला, अन् मंग दुसऱ्यानं त्याच्यावरून काशात ओतला."

आयुष्यभर पाण्याचे गडवे, घंटा आणि समया ओतणारा माणूस, सातवीत शाळा सुटलेली. आणि मी पदवीवाली ग्रंथपाल, तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. त्या दिवसापासून टोप्या बंद झाल्या.

वादही त्याच दिवशी सुरू झाला, आणि तो तुम्ही जाईपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं असं की ओतणाऱ्यानं डोकं बाजूला ठेवून काम केलं. पूल दगडाला लागत होता, काशाला लागत नाही, मग काढून टाकायचा. नक्कल करायलाही अक्कल लागते. तुम्ही एरवी माझ्याशी वाद घालत नसायचात, बाई म्हणतील ते बरोबर. इथे मात्र हटून बसलात.

"मेनात होता तवा नखानं निघाला असता तो पूल. त्याले दिसला नसंन का?"

"मग काढला का नाही?"

"ज्यानं ठेवला, त्यानं काईतरी इचार करून ठेवला होता ना? मंग मी कायले काढू?"

तुम्ही 'मी' म्हणालात हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ कळायला पुढचा रविवार उजाडावा लागला. त्या दिवशी तुम्ही मला एक गडवा आणून दिलात. गळ्याखाली त्याला एक पोचा होता. मी मनात म्हटलं, खराब निघालेला माल बाईंना. तुम्ही हसलात. "अंगठा ठेवा तिथं," म्हणालात. ठेवला. ओल्या हातातूनही तो गडवा निसटेना. तुमच्या वडिलांच्या साच्याचा मूळ गडवा लहानपणी तुमच्याच हातून पडला होता आणि पोचा आला होता. वडिलांनी मारलं नाही, दुरुस्तही केलं नाही, म्हणाले, आता अंगठ्याले जागा झाली. वडील गेल्यावर तो पोचा काढायला तुम्हाला किती वेळ लागला असता? पण तुमच्या हातून निघालेल्या प्रत्येक गडव्याला तो होता. गिऱ्हाइकं कुरकुर करत आणि पुन्हा तोच गडवा मागायला येत.

माझ्या घरी तो गडवा अजून रोजच्या वापरात आहे. वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे खीर व्हायची, ती तुम्ही त्यातच नेत होतात आणि दुसऱ्या दिवशी गडवा राखेनं लख्ख घासून परत यायचा. वैनींनी घासलेला असायचा, हे मला कालपर्यंत सुचलं नव्हतं.

आता ती गोष्ट. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात, तरी सांगते.

वाचनालयात मोठे पाहुणे येणार होते. अध्यक्षांनी फर्मान काढलं की सगळं चकचकीत दिसलं पाहिजे. मी फरशी धुऊन घेतली, कपाटं पुसली, आणि मग माझी नजर त्याच्यावर गेली. काळपट, तपकिरी, थोडा हिरवट. दुसऱ्या गावची बाई असती तर फडका मारून पुढे गेली असती. पण भंडाऱ्यासारख्या भांड्यांच्या गावात वाढलेल्या बाईला काळं पडलेलं भांडं दिसलं की हात शिवशिवतात. आमच्या लहानपणी, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, फॅक्टरीची बस वडिलांना घेऊन निघाली की आई पहिली भांडीच काढायची. पाण्याचा काळा गुंड पाहुण्यांना दिसणं म्हणजे घराची नाचक्की. मी वाटीत चिंच भिजवली, मूठभर मीठ घातलं, आणि उजव्या गालापासून सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, मजा आली. तांबूस पिवळा गाल सोन्यासारखा उजळत गेला. हनुवटीखाली पोचले आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं, तर तो माणूसच गेला होता. गालाचा उतार, ओठाशेजारची सावली, सगळं एका झगझगाटात सपाट.

त्याच क्षणी तुम्ही दारात. हातात समईच्या वाती.

"बाई, काय करून राहिले हे!" एवढा मोठा आवाज तुमचा मी पुन्हा ऐकला नाही. मग हळू आवाजात, "ते मळ नोता वं. कातडं होतं त्याचं. कितीक वरसानं येते."

वाटी माझ्या हातातच होती. आणि बाहेर अध्यक्षांच्या चपला वाजल्या. तुम्ही माझ्या हातून वाटी घेतलीत. घेतलीत म्हणजे ओढूनच घेतलीत, चिंचेचं पाणी तुमच्या सदऱ्यावर सांडलं.

"हे कोणी केलं?" अध्यक्ष ओरडले.

"मीनं, साहेब. भांडेवाला मानूस. काळं दिसलं, हाताले खाज सुटली."

मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. पण नवरा जाऊन सहा महिने झाले होते, मुलगी आठवीत होती, आणि मला नोकरीत पक्कं करायचा कागद याच अध्यक्षांच्या टेबलावर पडला होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान इतकी थोडी हलवलीत की ती फक्त मला दिसावी. मी गप्प बसले. अध्यक्षांनी तुम्हाला चोरासारखं झापलं, आणि शेवटी सांगितलं की यापुढे या पुतळ्याला तुम्ही बोट लावायचं नाही.

नाव तर चिकटलंच. पण मला नावापेक्षा ती दुसरी शिक्षा जास्त टोचते. ज्या एका माणसाला तो पुतळा बोटांनी वाचता येत होता, त्यालाच हात लावायची बंदी. आणि तुम्ही ती पाळलीत! दर रविवारी सुट्टीच्या दिवशी सायकलवर यायचात, हात मागे बांधून पुतळ्यासमोर उभे राहायचात आणि गाल न्याहाळायचात. "काई लावू नका, पुसू नका, हवा खाऊ द्या त्याले. रंग येते." मग जाता जाता, "बाई, पूल हाये ना?" मी मानेमागं बोट घालून सांगायची, "आहे." सतरा वर्षं हे चाललं, मी निवृत्त झाल्यावरही. मी एकदाही म्हटलं नाही, भाऊ, आता कोण बघतंय, तुम्हीच घाला बोट. सुचलं नाही म्हणू की धीर झाला नाही म्हणू?

बोलायची आणखी एक संधी मी घालवली. नागपूरहून जुन्या शिल्पांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. टॉर्च, भिंग, मोजपट्टी, अर्धा दिवस खपल्या. मग म्हणाल्या, हा इटलीत ओतलेला आहे, बराच जुना, आणि त्याहून जुन्या एका संगमरवरी पुतळ्यावरून घेतलेला. त्यांनी फोनवर त्या संगमरवरी माणसाचा फोटो दाखवला. तीच वळलेली मान, तीच बट, आणि मागून काढलेल्या फोटोत, बटेमागे तोच पूल. तुम्ही फोनला हात न लावता वाकून पाहिलंत. इतका आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. दूरच्या भावाची ओळख पटावी तसे तुम्ही मान डोलावत होतात. बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं म्हणतात. कोणी सांगितलं?" तुम्ही पुतळ्याकडे हनुवटी उडवलीत. "यानंच."

त्यावर बाई म्हणाल्या, "गाल मात्र कोणीतरी नासवलाय." सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "हो जी. चूक झाली." तोवर मी पक्की झाले होते, पगारवाढही झाली होती. तरी गप्पच. सवय लागते गप्प बसायचीही.

निवृत्तीच्या दिवशी मी ठरवलं होतं की निरोपाच्या भाषणात सांगून टाकायचं. तुम्हाला आधी विचारलं, हीच चूक. तुम्ही हात जोडलेत. "आता कायले, बाई? आंबट हाये, पन ध्यानात राह्यते नाव. माह्या कारखान्याची जाहिरात झाली फुकटची." मी हसले. तुम्ही मला हसवून सोडवलंत, आणि मी सुटले. याचा राग मला तुमच्यावर अजून आहे. चांगुलपणाची एवढी चैन तुम्ही केलीत, माझा हिशेब कोण करणार होतं?

असो. कालची सभा.

चाळीसेक माणसं होती. वैनी पहिल्या रांगेत, तुमच्या मुलीजवळ. अध्यक्ष आता फार थकलेत, त्यांना खुर्चीत बसवूनच आणलं. ते तुमच्याबद्दल चांगलं बोलले. म्हणाले, "त्यांच्या हातून एक चूक झाली, पण माणूस निर्मळ. चूक कबूल करायला छाती लागते." टाळ्या झाल्या नाहीत, पण माना हलल्या. मी उठून उभी राहिले.

मी म्हटलं, "चिंच माझी होती." सतरा वर्षांपूर्वीचे तेच तीन शब्द. पुढचं कसं सांगितलं ते आठवत नाही. वाटी, मीठ, तुमचा ओला सदरा, नोकरीचा कागद, सगळं सांगितलं असावं. अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते, रागानं नाही, कशानं ते मला कळलं नाही. मी वैनींसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "वैनी, मला माफ करा."

वैनींनी पदरानं डोळे पुसले, आणि भाऊ, त्या चक्क हसल्या.

"बाई, त्या मानसानं जिंदगीत घरचं एक भांडं घासलं नाही. पेला बी नाही! अन् तो पुतळा घासते? सदरा धुतला तवाच मीनं ओळखलं, हे कोन्यातरी बाईचं काम हाये."

सभेत कोणीतरी फुसकन हसलं. मला मात्र हसू येईना. "मग तुम्ही कधी बोलला का नाहीत? सतरा वर्षं लोक नाव ठेवत होते."

वैनी म्हणाल्या, "त्याईनं काईतरी इचार करूनच ठेवलं होतं ना ते नाव. मंग मी कायले काढू?"

तुम्ही घरी ते वाक्य बोलत होतात, की त्यांचं त्यांनाच सुचलं, ते मी विचारलं नाही. तेवढ्यानंच मी सगळ्यांसमोर, वयाचा काही विचार न करता, मोठ्यानं रडले.

सभा संपल्यावर वैनी पुतळ्यापाशी आल्या. "याच्यापायी दर इतवारी घर सोडून येत होते का?" मी त्यांचा हात धरून मानेमागे नेला. पूल त्यांच्या बोटाला लागला. बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही. मग गाल पाहिला. रंग आलाय, भाऊ. तुम्ही म्हणाला होतात तसाच, हळूहळू, आपला आपण. हनुवटीखाली एवढासा अजून फिका आहे, तेवढंच.

आपला वाद मी हरले असं मात्र समजू नका. काशाला पूल लागत नाही, हे माझं म्हणणं आजही बरोबर आहे. मला लागला होता.

लोक गेल्यावर ग्रंथपाल मुलगी फळा पुसायला निघाली. म्हणाली, "मॅडम, आता खरं नाव लिहू या ना त्यांचं." मी वैनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी तुमच्यासारखी, मला तेवढी दिसेल एवढीच. म्हणून नाव तसंच ठेवलं आहे. चिंचवाले भाऊ. त्याखाली माझ्या बऱ्या अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि नावापुढे, 'चिंच माझी होती.'